वर्ध्याच्या वाटेवर बाख

ऑर्गन ऐकायला कोणी वर्ध्याला जात नाही. नाटकातल्या पायपेटीलाही आपण ऑर्गनच म्हणत आलो, पण मी म्हणतो तो चर्चमधला, भिंतभर उंचीचा, शेकडो नळ्यांतून वारा खेळवणारा. तो ऐकायचा तर मुंबईला फोर्टातलं सेंट थॉमस कॅथीड्रल गाठावं. मी मात्र थंडीच्या दिवसांत सांगलीहून नेमका उलट्या दिशेला निघालो, आणि कानात ऑर्गनची एकच रचना घेऊन वर्ध्यात हिंडलो. तेही ठरवून.

रचना योहान सेबास्टियन बाखची. सी मायनरमधलं पासाकालिया आणि त्याला जोडून येणारा फ्यूग. बाखच्या कृतींच्या सूचीत क्रमांक ५८२. सगळा मिळून तेरा-चौदा मिनिटांचा मामला. ती सुरू होते तेव्हा वादकाचे हात रिकामे असतात आणि एकटे पाय वाजवतात. ऑर्गनला खाली लाकडी पट्ट्यांची आणखी एक ओळ असते. तिच्यावर टाच आणि चवडा फिरवत वादक एक संथ चाल वाजवतो, ती उतरत उतरत अगदी तळाच्या षड्जावर येऊन टेकते, आणि तेव्हा कुठे हात उठतात.

हे मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा दचकलो होतो. मिरजेच्या तंबोऱ्यांच्या शेजारी वाढलेला माणूस मी. आमच्या घरी सतरंजीवरून जाताना पेटीला चुकून पाय लागला तरी वाकून हात लावायचा आणि तो कपाळाला न्यायचा. पायपेटीतसुद्धा पाय फक्त वारा घालतो, स्वराला शिवत नाही. इथे तर रचनेतली सगळ्यांत महत्त्वाची ओळच पायांकडे. वादकाचे त्यासाठीचे खास बूटही असतात, पातळ तळव्याचे. देवळात चपला बाहेर काढून जाणाऱ्या माणसाला हे पचायला वेळ लागतो. पचल्यावर वाटू लागलं, की हे संगीत खुर्चीत बसून ऐकण्यात काही अर्थ नाही. चालत ऐकलं पाहिजे.

बाख स्वतः चालणारा होता. १७०५ च्या शरद ऋतूत, वीस वर्षांचा असताना, त्याने आर्नश्टाटच्या चर्चमधल्या नोकरीतून चार आठवड्यांची रजा घेतली आणि डिट्रिख बुक्स्टेहुडे या बुजुर्ग वादकाला ऐकायला तो ल्युबेकला पायी गेला. अंतर सुमारे ४०० किलोमीटर. परतला तो जवळजवळ चार महिन्यांनी. चर्चच्या मंडळाने १७०६ च्या फेब्रुवारीत त्याला समोर उभं करून विचारलं, की इतके दिवस होतास कुठे; आणि आल्यापासून प्रार्थनागीतांत असल्या काही विचित्र जागा घेतोस, की लोकांना गाताच येईनासं झालंय. बुक्स्टेहुडेकडे अशा रचना होत्या, ज्यांत तळाला एकच ओळ फिरत राहते आणि वर सगळं बदलत जातं. बाखने आपलं पासाकालिया त्यानंतरच्या काही वर्षांत रचलं. त्याच्या हातची प्रत हरवली. थोरल्या भावाच्या वहीत नक्कल होती म्हणून ते उरलं. चालीचा पहिला अर्धा भाग तर आंद्रे रेझों या फ्रेंच वादकाच्या १६८८ मध्ये छापलेल्या रचनेतून उचललेला दिसतो. चाल उचलण्याचं आम्हां नाट्यसंगीतवाल्यांना नवल नाही. उचलून तिचं काय केलं एवढंच पाहायचं.

आणि चालत ऐकायचं, तर महाराष्ट्रात चालणाऱ्यांचं गाव एकच.

वर्ध्यात सकाळी तर्री-पोह्यांच्या गाडीवर उभा राहिलो. आमच्याकडे पोह्यांवर खोबरं आणि लिंबू, फार तर शेव; तिखट खायचं असेल तर भडंग वेगळं. इथे पोह्यांवर हरभऱ्याची लालभडक तर्री ओततात आणि तुम्ही डोळे पुसत असताना माणूस हसून विचारतो, ‘आणखी देऊ का जी?’ हे ‘जी’ दिवसभर कानावर येत राहतं आणि तिखटावर उतारा म्हणून चांगलं काम करतं. मगनवाडीचा रस्ता विचारला तर पोहेवाल्याने हातातला झारा शेजारच्या मुलाकडे दिला आणि चौकापर्यंत माझ्याबरोबर आला. सांगलीत आम्ही ‘सरळ जावा की’ म्हणून मोकळे होतो. सरळ जाऊन पुढे तीन फाटे फुटतात हे ज्याचं त्यानं बघावं.

मगनवाडी गांधीजींना जमनालाल बजाजांनी दिली. अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाचं काम इथूनच चाले आणि जे. सी. कुमारप्पा ते बघत. तिथलं मगन संग्रहालय १९३८ च्या डिसेंबरात सुरू झालं. घाण्या, जाती, हातकागदाचं सामान यांच्यामधून फिरताना मी अडकलो तो मगन चरख्यापाशी. नेहमीच्या चरख्यावर एका हाताने चाक फिरवायचं आणि दुसऱ्याने सूत ओढायचं. प्रभुदास गांधींनी केलेल्या या चरख्यात चाक पायाने फिरतं, चात्या दोन आहेत आणि दोन्ही हात सुताला मोकळे. पायांनी खाली एकसारखी गती धरायची, वर दोन हातांनी दोन धागे काढायचे. त्या चरख्यासमोर मी कानातलं बटण दाबलं. खालून पायांची ओळ, वरून एकेक करून उगवणारे स्वर. तिथल्या ताईंनी मी बधिर झालोय की काय अशा नजरेने पाहिलं आणि पाणी आणून दिलं.

आपल्या पेटीचा इतिहास नेमका याच्या उलट आहे. १८४२ मध्ये पॅरिसमध्ये अलेक्सांद्र दबँ याने हार्मोनियमचं पेटंट घेतलं, तेव्हा ती पायांवर उभी होती आणि भाता पायाने चाले. आपण मांडी घालून बसणारे लोक. कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोषांनी १८७५ च्या सुमारास तिचे पाय काढले, भाता पाठीमागे नेला आणि एक हात वारा घालायला लावला. पेटी जमिनीवर आली ती घराघरांत, कीर्तनात, भजनात गेली. एका हाताची किंमत देऊन हे झालं. खेडोपाडीच्या पेटीवाल्याचा उजवा हात सगळं गाणं सांभाळतो आणि डावा आयुष्यभर पंप मारतो, याचं मला नेहमी वाईट वाटतं. बाखच्या काळी वारा घालायला वेगळी माणसं असत. ऑर्गनच्या मागे मोठाले भाते, आणि त्यांच्यावर चढून ते पायांनी दाबणारे गडी. त्यांची नावं कुठे लिहिलेली नसतात. बाख गडी मिळेल तेव्हाच चर्चच्या ऑर्गनवर सराव करू शकत होता, हेही आपण विसरतो.

कुमारप्पांच्या दिवसांत मगनवाडीत बाखच्या देशाचा एक तरुणही येऊन राहिला होता. हर्बर्ट फिशर. १९३६ मध्ये गांधीजींना शोधत आला. पुढे पूर्व जर्मनीचा राजदूत होऊन दिल्लीत परतला. 

मगनवाडीहून पुढे गीताई मंदिर, गोपुरीत. मंदिर म्हणतात, पण छप्पर नाही, मूर्ती नाही, घंटा नाही. गीताईचे श्लोक कोरलेले दगड उभे आहेत, अठरा अध्याय, आणि आपण त्यांच्या कडेकडेने वाचत चालायचं. विनोबांनी गीताई १९३०-३१ मध्ये वर्ध्यातच लिहिली. तिथे मी कानातलं काढून ठेवलं, कारण एका वेळी दोन गोष्टींना न्याय देता येत नाही. दगडांच्या ओळीतून एक आजी नातवाला घेऊन चालल्या होत्या. नातू प्रत्येक दगडावर थाप मारी आणि आजी त्या दगडावरचा श्लोक पाठ म्हणत. थाप चुकली की आजी थांबत. पोराने मुद्दाम दोन दगड गाळले तर म्हणाल्या, ‘मांग ये, राह्यले ते.’

शेजारीच विश्वशांती स्तूप. निचिदात्सु फुजी या जपानी भिक्षूंची आणि गांधीजींची भेट १९३३ मध्ये वर्ध्यात झाली. फुजी गुरुजींच्या पंथाची साधना म्हणजे हातात पंख्यासारखा चपटा ढोल घेऊन एकच मंत्र म्हणत चालायचं. तोच मंत्र सेवाग्रामच्या प्रार्थनेत आरंभाला गेला आणि अजून आहे. वर्ध्याच्या हवेतच काही आहे की काय कोण जाणे. जो येतो तो एकच गोष्ट पुन्हा पुन्हा करत राहतो, आणि चालत करतो.

सेवाग्रामचा रस्ता मी पायीच धरला. १९३६ च्या ३० एप्रिलला गांधीजी मगनवाडीहून शेगावला असेच पायी गेले. तेव्हा गावाचं नाव शेगाव होतं. बुलढाण्याच्या शेगावशी टपालाचा घोळ होऊ लागला म्हणून १९४० मध्ये सेवाग्राम झालं. एप्रिल अखेरीचं वर्ध्याचं ऊन डोळ्यांसमोर आणलं की थंडीत चालणाऱ्याने फुशारकी मारू नये. रिक्षावाले जवळ येऊन थांबत. ‘बसा ना जी, तिकडंच चाललो.’ नको म्हटलं की पैसे नाहीत असं समजून, ‘नका देऊ पैसे, बसा.’ एकाला शेवटी सांगितलं, नवस आहे. तो लगेच नमस्कार करून निघून गेला.

आता आवर्तनं मोजत ऐकू लागलो. पासाकालियाची चाल आठ मापांची, प्रत्येक मापात तीन मात्रा, म्हणजे एकूण चोवीस. आपल्या हिशेबात दादऱ्याची चार आवर्तनं. पहिल्यांदा ती एकटी येते आणि मग तिच्यावर वीस तऱ्हा बांधल्या आहेत. तबल्याच्या एकलवादनात पेटीवर लेहरा धरतात, तसंच हे. लेहरा बदलत नाही म्हणून तर तबलजीला कायदे, पलटे, रेले मांडता येतात. फरक इतकाच, की आमचा लेहरा धरणारा बिचारा कोपऱ्यात बसतो आणि टाळ्या तबल्याला पडतात. बाखने लेहरा आणि तबला एकाच माणसाच्या अंगात घातले, कमरेखाली एक आणि कमरेवर दुसरा.

आणि ती चाल समेवर सुरू होत नाही. एक मात्रा आधी उठते, दुसऱ्या स्वरावर सम येते. पुढेही बहुतेक मापांत एक स्वर लांब, एक आखूड. सरळ लष्करी पावलांना ती जुळत नाही. दुखरा गुडघा सांभाळत पण न थांबता चालणाऱ्या माणसाला जुळते. मला जुळली.

रस्त्याच्या दोन्ही अंगांनी कापूस. आमची माती हीच, काळी, पावसात पायाला किलो-किलो चिकटणारी. पण सांगलीकडे तिच्यात ऊस आणि हळद उभी. उसाच्या रानात माणूस शिरला की दिसेनासा होतो. कापसाच्या रानात सगळं उघडं. वेचणीला आलेल्या बायका कमरेला ओटी बांधून ओळीओळीने पुढे सरकत होत्या, दोन्ही हात दोन बोंडांवर, आणि पाय तासातून बोटाबोटाने पुढे. कोणी डोकं वर करत नव्हतं. वेचणीची मजुरी किलोवर असते, डोकं वर करण्याचे पैसे मिळत नाहीत. एका बांधावर पाणी प्यायला थांबलो तर एका बाईंनी विचारलं, ‘काय ऐकून राहिले जी? बातम्या?’ गाणं म्हटल्यावर कानाशी धरून पाहिलं, क्षणभर ऐकलं, आणि म्हणाल्या, ‘मोटारीवानी वाजते. शब्द नाही काहीच?’ नाहीत. ‘मंग ठीक हाये. शब्द असले का मन तिकडं जाते, हात थांबते.’ ऑर्गनवरचं इतकं नेमकं परीक्षण मी छापील वाचलेलं नाही.

मध्यावर बाख एक गंमत करतो. चाल पायांकडून काढून घेऊन अगदी वरच्या स्वरांत नेतो. पुढे थोड्या वेळाने पाय अजिबात गप्प होतात, वर फक्त सुट्या स्वरांची शिंपडण उरते. चाल त्यांत विरघळलेली असते, ज्याला पाठ आहे त्यालाच सापडते. आणि मग पाय परत येतात. इतक्या वेळा ऐकूनही तिथे माझी चाल बदलतेच. सेवाग्रामच्या कमानीपर्यंत मी ती जागा पुन्हा पुन्हा लावली.

आश्रमात चपला काढून शेणाने सारवलेल्या जमिनीवर पाय ठेवला, तो थंडगार. आदिनिवास बांधताना गांधीजींनी अट घातली होती, की खर्च फार होऊ नये आणि सामान आसपासचंच असावं. बापूकुटी मुळात मीराबेनची. मातीच्या भिंतीवर ताडाची झाडं आणि ॐ त्यांनीच उठवलेले. आता बापूकुटीत लोक गांधीजींच्या वस्तू बघतात, साप धरायचा चिमटा बघून पोरं खूश होतात. मी भिंतीच बघत बसलो. मीराबेन म्हणजे इंग्रज दर्यासारंगाची मुलगी मॅडलिन स्लेड. त्यांचं दैवत बीथोव्हेन. बीथोव्हेनवर लिहिणारे म्हणून त्या रोमां रोलांकडे गेल्या, आणि रोलांनी त्यांना गांधींचं नाव सांगितलं. म्हणजे एका जर्मन संगीतकाराच्या वाटेने त्या या गावात पोहोचल्या. १९३१ च्या डिसेंबरात स्वित्झर्लंडमध्ये गांधीजी रोलांकडे उतरले तेव्हा त्यांनी बीथोव्हेन ऐकवायला सांगितलं आणि रोलांनी पाचव्या सिंफनीतला संथ भाग पियानोवर वाजवला. गांधीजींना तो कितपत भावला ते जाऊ दे. मला प्रश्न पडतो मीराबेनचा. सगळी वर्षं, या मातीच्या खोलीत, भजन आणि रामधून यांच्या मध्ये, ते संगीत त्यांनी कुठे ठेवलं होतं? पुढे १९५९ साली त्या भारत सोडून गेल्या आणि अखेर व्हिएन्नाजवळच्या रानात जाऊन राहिल्या, बीथोव्हेनच्या पावलांच्या वाटांवर. पाय परत आले, असं म्हणायचं तर म्हणावं.

वर्धा आणि जर्मनी यांचं आणखी एक नातं आहे, ते कटू. १९३९ च्या २३ जुलैला गांधीजींनी हिटलरला पत्र लिहिलं, त्यावर पत्ता वर्ध्याचा. युद्ध टाळा असं विनवणारं. ब्रिटिश सरकारने ते पुढे जाऊ दिलं नाही. युद्ध झालंच. १९४२ च्या मार्चअखेर ब्रिटिश विमानांनी ल्युबेकवर बाँब टाकले आणि बाखने ज्यासाठी ४०० किलोमीटर तुडवले ते बुक्स्टेहुडेचं सेंट मेरी चर्च जळलं, त्यातले ऑर्गनही जळले. मनोऱ्यातल्या घंटा कोसळल्या; फुटक्या, वितळलेल्या, तशाच त्या जमिनीवर अजून ठेवल्या आहेत. त्याच वर्षी १४ जुलैला काँग्रेस कार्यकारिणीने इंग्रजांना चले जाव सांगणारा ठराव वर्ध्यात केला. 

संध्याकाळी पिंपळाखाली प्रार्थना झाली. पेटी नव्हती. शाळेच्या सहलीतली पोरं शेवटच्या ओळीत एकमेकांना चिमटे काढत होती आणि त्यांचे गुरुजी डोळे मिटून, हाताने मात्र अचूक पोरांचे कान पकडत होते. 

दुसऱ्या दिवशी नागपूर रस्त्याला लागलो. पिशवीत गोरस भांडारातला गोरसपाक. गाईच्या तुपातला, तोंडात टाकला की भुगा होणारा. सांगलीला नेण्यासाठी घेतला होता, पवनारपर्यंत निम्मा उरला.

वाटेत दत्तपूर लागतं. मनोहर दिवाणांनी १९३६ मध्ये इथे कुष्ठधाम सुरू केलं, तेव्हा या रोगाच्या माणसाला गावात पाऊल टाकू देत नसत. सेवाग्रामात परचुरेशास्त्र्यांना गांधीजींनी आपल्या कुटीजवळ ठेवून घेतलं आणि स्वतः त्यांचं अंग चोळलं ती गोष्ट त्यानंतरची. बाबा आमटेही याच जिल्ह्यातल्या हिंगणघाटचे. दत्तपूरच्या फाटकाशी मला अल्बर्ट श्वाइत्झर आठवला. बाखच्या ऑर्गन-रचनांचा तो मोठा वादक. १९०५ मध्ये बाखवर जाडजूड ग्रंथ लिहिला, आणि मग वैद्यकी शिकून आफ्रिकेत लांबारेनेच्या जंगलात दवाखाना काढायला निघून गेला. निघताना पॅरिसच्या बाख सोसायटीने त्याला खास पियानो दिला: दमट हवेत वाळवी लागू नये म्हणून जस्ताने मढवलेला, आणि खाली ऑर्गनसारख्या पायांच्या पट्ट्या जोडलेला. दिवसभर जखमा धुवायच्या आणि रात्री पायांचा सराव चालू ठेवायचा. पुढे नोबेलच्या पैशातून त्याने तिथे कुष्ठरोग्यांची वस्ती बांधली. ज्या रोगात बोटं झिजतात, पाय बधिर होतात, त्या रोगाच्या माणसांत राहून हा गृहस्थ रात्री बोटं आणि पाय तयार ठेवत होता. यावर मला काही शहाणपणाचं सुचलं नाही. दत्तपूरला शेतात पाणी सोडलेलं होतं, एक म्हातारे गृहस्थ फावड्याने दांड फोडत होते. त्यांनी हात वर केला, मीही केला.

पवनारला धाम नदी. कृष्णेच्या काठचा माणूस नदी बघताना आधी घाट शोधतो. धामला खडक आहेत आणि खडकांमधून वाट काढणारं पाणी. अलीकडे पूल, पलीकडे टेकाडावर विनोबांचा आश्रम. १९३८ मध्ये ते इथे आले, अंगात त्राण नसलेले, आणि तब्येत सुधारावी म्हणून जमीन खणू लागले. खणताना जुन्या मूर्ती निघाल्या. त्यांतली राम-भरत भेट अजून तिथेच आहे. १९५९ मध्ये त्यांनी इथे ब्रह्मविद्या मंदिर स्थापलं, संन्यासी वृत्तीने राहणाऱ्या स्त्रियांसाठी. स्वयंपाक, शेती, छपाई सगळं त्या स्वतः करतात, निर्णयही एकमताने घेतात. मी पोहोचलो तेव्हा विष्णुसहस्रनाम चालू होतं. हजार नावं, एकाच चालीत, कुठे चढ नाही, उतार नाही, वीस काय आणि हजार काय. पहिल्या शंभरात माझं मन पळालं. पुढे कधीतरी ते थकून परत येऊन बसलं.

१९५१ च्या ८ मार्चला विनोबा पवनारहून निघाले, हैदराबादजवळ शिवरामपल्लीला सर्वोदय संमेलन होतं म्हणून. आगगाडी होती. ते चालत गेले, सुमारे ३०० मैल. येतानाही चालतच, आणि तेलंगणातून फिरत असताना १८ एप्रिलला पोचमपल्लीत रामचंद्र रेड्डींनी १०० एकर जमीन देऊ केली. त्यातून भूदान निघालं आणि पुढची तेरा वर्षं विनोबा थांबले नाहीत. आश्रमातल्या एका दीदींना मी बाखच्या पायपिटीची गोष्ट सांगितली. त्यांनी शांतपणे ऐकून विचारलं, ‘रजा चार आठवड्यांची होती ना? मग परत आल्यावर बोलणी खाल्ली का?’ खाल्ली म्हटल्यावर त्यांना भारी समाधान वाटलं. ‘आमच्या बाबांना कोणाची रजा लागत नव्हती,’ म्हणाल्या. नोकरी न करण्याचे फायदे.

पवनारजवळच्याच एका वाडीत त्या रात्री गुरुदेव सेवा मंडळाचं भजन होतं. तुकडोजी महाराजांच्या परंपरेतलं, खंजिरीवरचं. चहाच्या टपरीवर भेटलेल्या काकांनी ओढूनच नेलं. ‘जेवूनच जाजा. आलू-वांग्याची भाजी हाये, पोळी हाये, अजून काय पायजे?’ काका पेटी वाजवणारे. भजनाच्या आधी सतरंज्या घालणं चाललं होतं, बाहेर मोठ्या गंजात भाजी रटरटत होती, आणि काकांचं लक्ष माझ्या कानाकडे.

‘काय ऐकून राहिले जी सकाळपासून?’

एक बोंडूक त्यांच्या कानात दिलं. त्यांनी डोळे मिटले. चाल एकदा गेली, दोनदा गेली, तिसऱ्यांदा त्यांची बोटं मांडीवर हलू लागली. ‘किरवाणी हाये,’ म्हणाले. गंधार-धैवत कोमल, निषाद शुद्ध. मी वर्षानुवर्षं सी मायनर म्हणत होतो, माझ्या डोक्यात हे आलं नव्हतं. पेटी ओढून त्यांनी पांढरी एकचा षड्ज धरला, जो बाखचाही षड्ज. सा. मग प ग, म प, ध म, प रे, ग नि, सा म, प, सा. एका दमात, न चुकता. खंजिरीवाला पोरगा सरसावून दादरा लावू लागला आणि लगेच घसरला.

‘याची सम कुठी हाये?’

‘दुसऱ्या स्वरावर,’ मी म्हटलं. ‘पहिला षड्ज समेच्या आधीचा.’

‘मंग तसं सांगा ना बाप्पा!’ काकांनी पुन्हा धरलं. आता पोरगा वाट पाहून पंचमावर पडला. बसलं. दोन आवर्तनं नीट गेली, तिसऱ्याला त्याने तिहाई मारायचा मोह केला आणि पुन्हा बाहेर गेला. सतरंज्या घालणारे हात थांबवून बघू लागले.

‘हे पायानं वाजवते म्हणता?’ काकांचा डावा हात भात्यावर, नजर स्वतःच्या पायांकडे.

‘एवढं पायाने.’

‘अन हात काय करते?’

‘वर वीस तऱ्हा करतात. पाय हेच वाजवत राहतात.’

‘वीस!’ काका पोराकडे वळले. ‘पाह्य. अन तू तिसऱ्यातच चुकून राहिला.’

गंजाशी उभ्या बाईंनी आतून हाक मारली, भजन आधी का पंगत आधी ते एकदा सांगा, पोळ्या गार होऊन राहिल्या. काकांनी पेटीवरून मान वर न करता सांगितलं, ‘थांबा वो जराशा. सतरा राह्यले अजून.’